फेअर व्हॅल्यू हेज आणि कॅश फ्लो हेज: दर मार्चला तोच गोंधळ

जळगाव-धुळे पट्ट्यातल्या कंपन्यांचे हिशेब मी बरीच वर्षं बघतोय. मार्च संपला की बँकेकडून स्वॅपचं एक पानी पत्र येतं, त्यावर एक आकडा असतो आणि त्या आकड्याचं नेमकं काय करायचं हे ऑफिसात कुणालाच माहीत नसतं. आकडा अधिक असला की अकाउंटंट तो ‘इतर उत्पन्ना’त टाकतो. उणे असला की संचालकांचा फोन येतो, “भाऊ, हेज केलं तरी तोटा कसा?” दोन्हीकडे चूक एकच असते. आपण केलेलं हेज, म्हणजे दर हलल्याचा फटका टाळायला केलेला सौदा, कुठल्या जातीचं आहे, हे ठरवायच्या आधीच एंट्री झालेली असते.

फिक्स्ड आणि फ्लोटिंग कर्जातला फरक तुम्हाला ठाऊक आहेच, त्यामुळे तो इथे उगाळत नाही. इंटरेस्ट रेट स्वॅप म्हणजे दोघांनी व्याजाची अदलाबदल करणं. एक जण ठरलेल्या दराने व्याज देतो, दुसरा बाजारदराने देतो आणि प्रत्यक्षात फक्त फरकाची रक्कम हात बदलते. मुद्दल कुणी कुणाला देत नाही. रिझर्व्ह बँकेने १९९९ साली आपल्याकडे याला वाट मोकळी करून दिली, म्हणजे हा प्रकार नवा नाही.

लोक अडखळतात ते पुढच्या पायरीवर. ‘व्याज बांधून घेतलं म्हणजे जोखीम संपली’ हे वाक्य मी इतक्या मीटिंगांत ऐकलंय की आता तिथेच थांबवून बोलतो. जोखीम संपत नाही, तिची जागा बदलते.

केळीवरून बघा. रावेरकडे दोन भाऊ आहेत असं समजा, दोघांच्या बागा सारख्या. थोरला रोजच्या भावाने माल देतो. बऱ्हाणपूरला भाव निघाला तो त्याचा भाव. धाकट्याने व्यापाऱ्याशी आधीच सौदा केलाय, क्विंटलला १,५०० रुपये, कटाई होईपर्यंत बदल नाही. आता भाव २,००० झाला. थोरल्याच्या हातात क्विंटलमागे ५०० जास्त आले. धाकट्याला मिळाले १,५०० च, ठरल्याप्रमाणे. त्याच्या पैशात काही हललं नाही, पण त्याच्या सौद्याची किंमत हलली. आज तोच सौदा करायचा म्हटला तर २,००० ला होईल, म्हणजे त्याच्या कागदाचं मोल क्विंटलमागे ५०० ने घसरलं. उलट भाव ९०० वर आला, तर पैसे तेवढेच, पण कागद ६०० ने वधारला.

थोरल्याचा पैसा हलतो आणि सौद्याची किंमत हलत नाही, कारण त्याचा सौदा रोज बाजारभावालाच असतो. धाकट्याचा पैसा ठाम असतो आणि सौद्याची किंमत हलते. दोन्ही एकाच वेळी ठाम राहतील असा सौदा बाजारात मिळत नाही.

कर्जाचंही तसंच. फ्लोटिंग कर्जात दर महिन्याला जाणारं व्याज हलतं, ही कॅश फ्लोची जोखीम. फिक्स्ड कर्जात किंवा फिक्स्ड डिबेंचरमध्ये (कंपनीने काढलेल्या कर्जरोख्यात) व्याज ठाम, पण त्या देण्याची आजची किंमत बाजारदराप्रमाणे वरखाली होते, ही फेअर व्हॅल्यूची जोखीम. स्वॅप घेऊन तुम्ही एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाता. फ्लोटिंगवाला फिक्स्ड झाला तर ते कॅश फ्लो हेज. फिक्स्डवाला फ्लोटिंग झाला तर ते फेअर व्हॅल्यू हेज. स्वॅपचा कागद दोन्हीकडे एकसारखाच दिसतो, म्हणून त्याकडे बघून जात कळत नाही. कळते ती मूळ कर्जाकडे बघून.

आता आकड्यांत, आणि हे पेन घेऊनच वाचा. ५० कोटींचं फ्लोटिंग कर्ज, दर म्हणजे बाजारदर अधिक २ टक्के. कंपनीने स्वॅप घेतला: ६.५ टक्के द्यायचे, बाजारदर घ्यायचा. दोन्ही बाजूंचा बाजारदर एकमेकांना खातो आणि हातात राहतो ८.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४ कोटी २५ लाख. तीन वर्षं उरलेली असताना बाजारदर ६.५ वरून ७.५ झाला असं धरा. कर्जावर वर्षाला ५० लाख जास्त जातील, स्वॅपवर तेवढेच परत येतील. पुढच्या तीन वर्षांतले हे ५०-५० लाख ७.५ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले की साधारण १ कोटी ३० लाख होतात. बँकेच्या पत्रावर हाच आकडा असतो.

हा १ कोटी ३० लाखांचा फायदा नफ्यात घ्यायचा का? नाही. कारण त्याच्यासमोर उभं राहायला नफा-तोट्यात अजून काहीच नाही. जास्तीचं व्याज पुढच्या तीन वर्षांत येणार आहे, आणि कर्ज पुस्तकात ५० कोटींनाच आहे, कारण ते अमॉर्टाइज्ड कॉस्टवर, म्हणजे बाजारभाव न बघता मूळ हिशेबाच्या किमतीवर असतं. म्हणून इंड एएस १०९ (भारतीय लेखा मानक) सांगतं की हा आकडा ओसीआयमध्ये (नफा-तोट्याबाहेरच्या ‘इतर सर्वसमावेशक उत्पन्ना’त), कॅश फ्लो हेज रिझर्व्हमध्ये थांबवा. जसजसं जास्तीचं व्याज पडेल तसतसा त्यातला भाग नफा-तोट्यात आणा. असं केलं की व्याजखर्च दरवर्षी ४ कोटी २५ लाखच दिसतो.

आता उलटी बाजू. दुसऱ्या कंपनीने ५० कोटींचे डिबेंचर ८.५ टक्के फिक्स्डने काढलेत आणि स्वॅप घेतलाय: ६.५ घ्यायचे, बाजारदर द्यायचा. तोच स्वॅप, फक्त टेबलाच्या पलीकडून. बाजारदर ७.५ झाल्यावर हिच्या स्वॅपची किंमत उणे १ कोटी ३० लाख. पण डिबेंचरचं देणंही व्याजदराच्या भागापुरतं तेवढंच हलकं झालं, कारण आजच्या दरात ते ओझं कमी मोलाचं आहे. इथे समोरचा जोडीदार आत्ताच हजर आहे, म्हणून रिझर्व्हमध्ये थांबवायचं कारणच नाही. स्वॅपचा तोटा नफा-तोट्यात, डिबेंचरवरचा फायदाही नफा-तोट्यात, आणि ताळेबंदात डिबेंचर ५० ऐवजी ४८ कोटी ७० लाखांना. निव्वळ परिणाम शून्य.

अनेकांना इथेच धक्का बसतो. या कंपनीचं खरं व्याज आता ९.५ टक्के झालं, वर्षाला ४ कोटी ७५ लाख. हेज केल्यामुळे व्याज वाढलं! आणि तरीही हेज बरोबर चाललंय. तिने दर बांधून घेतलेलाच नव्हता, तिने देण्याची किंमत बांधून घेतली होती. तेव्हा व्याज वाढलं म्हणून ओरड करणं म्हणजे थोरल्यासारखा रोजच्या भावाने माल द्यायचा आणि भाव पडला की सौदा का बांधला नाही म्हणायचं.

२०२१ साली टर्म लोनवर स्वॅप घेतलेली एक कंपनी मला चांगली आठवते. ४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने रेपो ४ वरून ४.४० टक्के केला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर नेला. स्वॅपची किंमत महिन्या-महिन्याला चढत गेली. अकाउंटंटने मार्चअखेर पूर्ण रक्कम नफ्यात घेतली आणि संचालकांनी त्या नफ्यावर लाभांशाचा आकडा ठरवूनही टाकला. ऑडिटमध्ये मी ती एंट्री उलटवली तेव्हा सगळे माझ्याकडे असे बघत होते की मी त्यांचे पैसे पळवले. मी कॅल्क्युलेटर त्या अकाउंटंटच्या हातात दिला आणि पुढच्या तीन वर्षांचं व्याज काढायला सांगितलं. दहा मिनिटांनी तो स्वतःच म्हणाला, “सर, हे तर पुढच्या व्याजाचे पैसे आहेत, आपण ते आत्ताच खाल्ले.” याहून नेमकं स्पष्टीकरण मी आजवर ऐकलेलं नाही.

बाकीच्या फरकांवर फार वेळ घालवू नका. स्वॅपची किंमत लेव्हल २ मध्ये (बाजारात दिसणाऱ्या दरांवरून काढलेल्या किमतींत) दाखवायची, दोन्ही प्रकारांत. हेज पूर्ण जुळलं नाही तर न जुळलेला भाग नफा-तोट्यात, दोन्ही प्रकारांत. हेजने मूळ जोखमीतला बदल ८० ते १२५ टक्के भरून काढला पाहिजे, ही जुन्या काळची कसोटी इंड एएस १०९ मध्ये नाही. आजही ती कुणी फाइलला लावून ठेवतं तेव्हा मी ते पान काढून टाकतो. इंड एएस लागू नसलेल्या कंपन्यांसाठी, आणि आपल्याकडच्या बहुतेक त्यातच मोडतात, आयसीएआयची (सीएंच्या राष्ट्रीय संस्थेची) डेरिव्हेटिव्हवरची, म्हणजे स्वॅपसारख्या करारांवरची मार्गदर्शक टीप आहे. तीही हीच दोन नावं वापरते.

एका गोष्टीबद्दल मात्र मी अजिबात ऐकून घेत नाही, ती म्हणजे मागच्या तारखेचं डॉक्युमेंटेशन. हेज अकाउंटिंग सुरू होतं ते कागद केल्याच्या दिवसापासून. कुठलं कर्ज, कुठली जोखीम, कुठला स्वॅप, किती प्रमाण, जुळतंय हे कसं तपासणार, हे त्या दिवशी लिहिलेलं नसेल तर स्वॅपचा प्रत्येक रुपया सरळ नफा-तोट्यात जातो. फायदा की तोटा हे बघून मार्चमध्ये जुनी तारीख टाकणं ही सोय नाही, लबाडी आहे. माझ्याकडे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलांना मी पहिल्या आठवड्यातच हे सांगतो.

दुसरी काळजी बेंचमार्कची, म्हणजे व्याज ज्या संदर्भ दराला बांधलंय त्याची. आपल्याकडे लघुउद्योगांची नवी फ्लोटिंग कर्जं १ ऑक्टोबर २०१९ पासून आणि मध्यम उद्योगांची १ एप्रिल २०२० पासून बाह्य बेंचमार्कला बांधली गेली, बहुतेकदा रेपोला. स्वॅप मात्र बाजारात मुख्यतः मायबोरवर (बँका एकमेकांना ज्या दराने उसने देतात त्यावर) चालतात. रेपो आणि मायबोर बहुतेक वेळा एकमेकांजवळ फिरतात, पण एक नाहीत. कर्ज एमसीएलआरवर (बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावरून ठरणाऱ्या दरावर) असेल तर अंतर आणखी वाढतं, कारण एमसीएलआर बाजारामागून सावकाश हलतो. स्वॅप घेण्याआधी हे दोन दर कागदावर शेजारी-शेजारी लिहा आणि बँकेच्या माणसाला विचारा की यात फरक पडला तर तो कोण सोसणार. उत्तर नेहमी ‘तुम्ही’ असंच असतं, पण ते आधी ऐकलेलं बरं.

फिक्स्ड म्हणजे सुरक्षित, हे येणं असणाऱ्यालाही लागू नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. तिच्याकडचे रोखे अव्वल दर्जाचे आणि ठरावीक व्याजाचे होते. पण दर वाढल्यावर त्यांची किंमत घसरली होती आणि त्यातला मोठा भाग अमॉर्टाइज्ड कॉस्टवर असल्याने तो तोटा ताळेबंदाच्या आकड्यांत उतरलाच नव्हता. ठेवीदार पैसे मागायला आले आणि रोखे विकायची वेळ आली, तेव्हा धाकट्याचा कागद बाजारात किती मोलाचा आहे ते उघड झालं.

माझी पसंती स्पष्ट आहे. आपल्या भागातल्या पाइप, डाळ, जिनिंगसारख्या कारखान्यांनी फेअर व्हॅल्यू हेजच्या वाटेला जाऊ नये. त्यांना डिबेंचर बाजारात विकायचे नसतात, त्यांना पगार आणि हप्ते वेळेवर द्यायचे असतात. त्यांची खरी भीती महिन्याच्या व्याजाची असते, म्हणून लांब मुदतीच्या टर्म लोनच्या एका भागावर कॅश फ्लो हेज पुरतं. हंगामात वरखाली होणाऱ्या सीसीवर (कॅश क्रेडिटवर, म्हणजे लागेल तशी उचलायच्या कर्जावर) स्वॅप घेऊ नये, कारण कापूस आला की उचल वाढते, विकला की रिकामी होते, आणि स्वॅपची रक्कम मात्र तिथेच राहते.

२०२३ मध्ये वाढलेल्या दरांना घाबरून स्वॅप घेतलेले अमळनेरकडचे एक संचालक मागच्या हिवाळ्यात ऑफिसात आले. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून चार टप्प्यांत ५.२५ वर आला होता आणि त्यांचं पत्र उणे आकड्याचं होतं. पत्र टेबलावर ठेवून म्हणाले, “मंग आते काय करानं भाऊ? तोडी टाकू का?” मी त्यांना विचारलं, तुमचं व्याज ठरल्यापेक्षा एक रुपया तरी जास्त गेलं का? नाही गेलं. तोडला तर आज बँकेला रोख द्यावी लागेल, आणि कर्ज चालू असल्यामुळे रिझर्व्हमधला तोटा उरलेल्या मुदतीत व्याजात उतरत राहीलच. नाही तोडला, तर मुदत संपेल त्या दिवशी स्वॅपची किंमत आपोआप शून्यावर येईल. त्यांनी पत्र पुन्हा घडी घालून खिशात ठेवलं आणि हप्त्याची पुढची तारीख विचारली.