पाण्याच्या उडीचं गणित

स्वयंपाकघरातल्या ओट्याहून जेमतेम बोटभर उंच असा एक अडथळा डोळ्यांसमोर आणा. उंची 91.4 सेंटीमीटर, वरची तुळई 12.7 सेंटीमीटर रुंद, सगळ्या सांगाड्याचं वजन 80 ते 100 किलो. पाय अडकला तर तो पडत नाही, धावणारा पडतो. पुरुषांच्या 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये असे अडथळे 35 वेळा ओलांडावे लागतात. त्यातल्या 28 वेळा पलीकडे कोरडी जमीन असते आणि 7 वेळा पाणी.

आपल्याकडे हर्डल्स आणि स्टीपलचेस या दोन्हींना सरसकट ‘अडथळ्यांची शर्यत’ म्हणतात, आणि तिथेच घोटाळा होतो. 110 मीटर हर्डल्समध्ये प्रत्येकाची लेन वेगळी असते, दोन हर्डलमधली पावलं मोजून तीन. वर्षानुवर्षांच्या सरावाने ती अंगात इतकी भिनतात की डोळे मिटूनही पडावीत. पायाचा धक्का बसला तरी हर्डल आडवं होतं आणि शर्यत पुढे चालू राहते. स्टीपलचेसमध्ये लेन नाही, पावलांचा हिशेबही नाही. बारा-पंधरा जणांचा घोळका एकाच तुळईवर चालून जातो. मागच्याला समोर दिसते ती पुढच्याची पाठ. ती पाठ अचानक वर उचलली गेली की समजायचं, अडथळा आला. तेवढ्या क्षणात पाऊल लांबवायचं की आखडायचं हे ठरवावं लागतं.

या अडथळ्यांची किंमत किती, याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. सपाट 3000 मीटरचा विश्वविक्रम 7 मिनिटं 17.55 सेकंदांचा आहे, नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्त्सनचा. स्टीपलचेसचा विक्रम इथिओपियाच्या लामेचा गिर्माच्या नावावर आहे, 7 मिनिटं 52.11 सेकंद. फरक साडेचौतीस सेकंदांचा, म्हणजे दर अडथळ्याला साधारण एक सेकंद.

हा सेकंद जातो कुठे? पहिलं उत्तर सुचतं ते उडी मारण्याच्या श्रमाचं. पण शरीराचा गुरुत्वमध्य आधीच कमरेच्या आसपास असतो, म्हणून दर वेळी तो फार तर 30 सेंटीमीटर उचलावा लागतो असं धरू. 35 वेळा मिळून झाले साडेदहा मीटर, म्हणजे तीन-साडेतीन मजले जिना चढण्याइतकं काम. तयारीच्या धावपटूची तेवढ्याने दमछाक होत नाही. बराचसा वेळ खाते ती मोडलेली लय. अडथळ्याआधी पाऊल बदलतं, पलीकडे उतरताना शरीराला ब्रेक लागतो आणि गेलेला वेग पुन्हा कमवावा लागतो. हे दर फेरीत पाच वेळा.

पाण्याची उडी तर मला या खेळातली सगळ्यात हुशार रचना वाटते. हौदाची लांबी 3.66 मीटर. पाणी अडथळ्याला लागून सगळ्यात खोल असतं आणि तळ चढत चढत पलीकडच्या काठाशी ट्रॅकला येऊन मिळतो. बहुतेक धावपटू तुळईवर पाय ठेवतात, गुडघा वाकलेलाच ठेवून अंग खाली राखतात आणि वर न उडता पुढे झेपावतात. झेप चांगली पडली तर पाऊल काठाजवळ, घोट्याएवढ्या पाण्यात पडतं आणि पुढचं थेट कोरड्यावर. झेप आखूड पडली तर पाय खोल पाण्यात जातो. पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन, त्यातून पाय ओढून काढायला जास्तीची ताकद लागते. म्हणजे जो थकला त्याचीच झेप आखूड, त्यालाच पाणी खोल, आणि तोच आणखी थकतो. शर्यतीच्या सुरुवातीला माफ होणारी चूक सातव्या उडीला वसूल केली जाते.

हौद ट्रॅकच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, यावर फेरीची लांबी बदलते, म्हणून फेऱ्या मोजणाऱ्यांनाही इथे दक्ष राहावं लागतं. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मोजणीच चुकली आणि सगळे एक फेरी जास्त धावले. अमेरिकेचा जो मक्लस्की 3000 मीटरला दुसरा होता. त्या फालतू फेरीत तो तिसरा झाला आणि कांस्यपदक घेऊन परतला.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे या शर्यतीत उतरला तो सैन्यात गेल्यावर. 2018 मध्ये भुवनेश्वरला त्याने 8 मिनिटं 29.80 सेकंदांची वेळ देत गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या अवघा 0.05 सेकंद मागे राहिला. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. तरी ते रौप्य मोठं होतं, कारण 1998 पासून या शर्यतीतली राष्ट्रकुलची सगळी पदकं केनियाकडेच जात होती. 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याची वेळ होती 8 मिनिटं 9.91 सेकंद. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद कमी झाले.

त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत शेवटच्या फेरीत गिर्माचा मागचा पाय तुळईला लागला. ज्याच्या नावावर विश्वविक्रम, तोच कोसळला आणि त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. पुढच्या वर्षी मोनॅकोला साबळे पडला, तोही पाण्याच्या उडीवर, आणि गुडघा दुखावला.

पुढची स्टीपलचेस टीव्हीवर लागेल तेव्हा पुढे कोण आहे हे थोडा वेळ विसरा आणि सातव्या उडीला फक्त पावलं बघा: कुणाचं काठाशी पडतंय, आणि कुणाचं अडथळ्याजवळच्या खोल पाण्यात.