पोट मोठं म्हणून वजन जास्त?

"जनावराचं पोट जितकं मोठं, तितकं त्याचं वजन जास्त." हा समज फार जुना आहे आणि चटकन पटतोही, कारण नजर आधी पोटावरच जाते.

पण पोट दिवसभर बदलत असतं. गाय ३० लिटर पाणी प्यायली की काटा ३० किलो जास्त दाखवतो. अंगावर मांस मात्र तेवढंच असतं. छातीचा घेर असा फुगत नाही, म्हणून काट्याशिवाय वजनाचा अंदाज काढायला टेप तिथे लावायचा: पुढच्या पायांच्या लगेच मागून, वशिंड असेल तर त्याच्याही मागून. मग खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या बाहेर आलेल्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १०,८४०, उत्तर किलोत.

घेर १६० आणि लांबी १४० असेल तर साधारण ३३१ किलो. घेर चुकून १६५ धरला तर थेट ३५२! जनावर सपाट जमिनीवर सरळ उभं हवं, ते याचसाठी.

हाही अंदाजच. बरगड्या उघड्या दिसत असतील किंवा गाय गाभण असेल, तर फरक पडतो. पडताळायचं असेल तर सकाळी चारापाण्याआधी टेप लावा आणि लगेच काट्यावर चढवा.