ऑडिओ सर्किटमधला थर्मल नॉइज

कुठल्याही रेझिस्टरमधले (करंटला अडवणारा सर्किटमधला भाग) इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत सैरावैरा पळत असतात, त्यामुळे त्याच्या दोन टोकांमध्ये अगदी बारीक, क्षणाक्षणाला बदलणारं व्होल्टेज तयार होतं, त्याला थर्मल नॉइज किंवा जॉन्सन नॉइज म्हणतात. करंट सोडायचीपण गरज नाही, टेबलावर नुसत्या पडलेल्या रेझिस्टरमध्येसुद्धा तो असतोच. गाणं बंद ठेवून व्हॉल्यूम फुल केला आणि कान ट्विटरजवळ (बारीक, उंच आवाजांचा छोटा स्पीकर) नेला की जी 'स्सऽऽ' ऐकू येते त्यात याचा वाटा असतो. 50 किंवा 100 हर्ट्झची घुमणारी हम वेगळी, ती मेन्समधून येते आणि वायरिंग, शिल्डिंग नीट केलं की जाते, हा मात्र जात नाही.

बेल लॅब्समध्ये जॉन जॉन्सनने तो मोजला, हॅरी नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं आणि दोघांचे पेपर 1928 मध्ये आले. या गणितातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे रेझिस्टर कशाचा बनलाय याला काही महत्त्वच नाही! ओहम (रेझिस्टर करंटला किती अडवतो त्याचं माप), केल्व्हिनमधलं तापमान आणि बँडविड्थ (किती रुंद फ्रिक्वेन्सीचा पट्टा धरलाय ते) यांचा गुणाकार करा, नॉइज व्होल्टेज त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. त्यामुळे थंड करूनही फार काही हाती लागत नाही, 27 अंश सेल्सिअसवरून उणे 123 पर्यंत, म्हणजे 300 केल्व्हिनवरून 150 वर, नेलं तरी फरक 3 डेसिबलचाच.

म्हणजे खरा उपाय ओहम कमी करणं हाच, आणि तोही इनपुटला, कारण पहिल्या स्टेजला (सिग्नल वाढवणारा एकेक टप्पा) जे मिसळतं ते पुढची प्रत्येक स्टेज सिग्नलसोबत वाढवत नेते. 100 किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट (व्हॉल्यूमच्या बटणामागचा कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) बघा, सिग्नल निम्मा होईल तिथे ठेवला की पुढच्या स्टेजला तो सुमारे 25 किलोओहमसारखा दिसतो आणि 20 किलोहर्ट्झच्या बँडविड्थमध्ये साधारण 2.9 मायक्रोव्होल्ट नॉइज देतो, तेच 10 किलोओहमचा पॉट असेल तर 0.9, म्हणजे सरळ 10 डेसिबल कमी. फक्त आधीच्या स्टेजला तेवढा लोड, म्हणजे कमी ओहममुळे द्यावा लागणारा जास्तीचा करंट, झेपला पाहिजे, ट्यूबवाल्या सर्किटमध्ये बऱ्याचदा तो झेपत नाही.

कार्बनऐवजी मेटल फिल्मचे (धातूच्या पातळ थराचे) रेझिस्टर लावल्यावर आवाज स्वच्छ होतो हे पण खरंच आहे, पण त्याचं कारण थर्मल नॉइज नाही, डीसी (एकाच दिशेचा करंट) वाहताना कार्बनमध्ये जो जास्तीचा करंट नॉइज तयार होतो तो मेटल फिल्ममध्ये खूपच कमी असतो.