साक्षरता आणि वाचन (महाराष्ट्र)

कुठल्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येत असेल तर तो माणूस साक्षर, आणि वय सात वर्षं किंवा त्यावर पाहिजे, जनगणनेची व्याख्या एवढीच आहे. शाळेत गेलेलं असायची अट नाही. वाचता येतं पण लिहिता येत नाही अशांना मात्र साक्षर धरत नाहीत. आता हे मोजतात कसं, तर प्रगणक दारात येतो, घरात जो कोणी असेल तो सगळ्यांचं सांगून टाकतो आणि रकान्यात नोंद होते, पुस्तक पुढे ठेवून वाच बघू असं कोणी म्हणत नाही. त्यामुळे २०११ च्या जनगणनेतला महाराष्ट्राचा ८२ टक्क्यांचा आकडा (पुरुष साधारण ८८, बायका ७६) चुकीचा नाही, पण तो लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेला आकडा आहे हे लक्षात ठेवून वाचावा. १९५१ मध्ये अख्ख्या देशात हेच प्रमाण १८ टक्के होतं, म्हणजे मजल मोठीच मारलीय, त्यात वाद नाही.

खरी गडबड सही आणि वाचन यांच्यामध्ये आहे. सही येते म्हणून स्वतःला साक्षर सांगणारे खूप, आणि ती सही म्हणजे बऱ्याचदा पाठ केलेलं चित्र असतं, त्यातलंच एक अक्षर दुसरीकडे दाखवलं की ओळखता येत नाही. ज्यांना सहीही येत नाही त्यांच्यासाठी शाईचा पॅड. कागदावर ‘निशाणी डावा अंगठा’ असं दुसरंच कोणीतरी लिहितं, बाजूला नावही तोच लिहितो, मग साक्षीदार शोधा. बँकेत अंगठेवाल्या खातेदाराला चेकबुक सहसा देत नाहीत, पैसे काढायचे तर स्वतः जावं लागतं आणि स्लिप भरून द्या म्हणून रांगेतल्या अनोळखी माणसाला विनवावं लागतं, म्हणजे खात्यात किती आहेत हे आपल्याआधी त्याला कळणार. सातबाऱ्यावर नाव कोणाचं चढलंय, सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर आकडा काय टाकलाय, औषधाच्या पट्टीवरची तारीख उलटून गेलीय का, एसटीच्या पाटीवर कुठलं गाव लिहिलंय, हे सगळं ज्याला दुसऱ्याला विचारावं लागतं तो प्रत्येक वेळी समोरच्याच्या प्रामाणिकपणावर चालतो.

महाराष्ट्रात ही गोष्ट फार आधी आणि फार कडक शब्दांत मांडली ती जोतीराव फुल्यांनी. शेतकऱ्याला वाचता येत नाही म्हणून कागद लिहिणारा त्याला लुबाडतो, हे त्यांनी परत परत लिहिलंय. १८४८ ला पुण्यात मुलींची शाळा झाली ते सगळ्यांना माहीत असतं, पण १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी कष्टकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली ते फारसं कोणी सांगत नाही, आणि प्रौढ शिक्षणाची सुरुवात बघायची तर ती तिथे आहे. इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या १८८२ च्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. सरकारने काही ते केलं नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ ला आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ च्या सुमारास केलं, म्हणजे दोन्ही ठिकाणी संस्थानिकांनी. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि खेड्यातल्या पोरांसाठी वसतिगृहाची वाट उघडली.

स्वातंत्र्यानंतर गाजली ती ग्रामशिक्षण मोहीम. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झाली, नंतर राज्यभर नेली. एकेक माणूस धरायचा नाही, अख्खं गाव एकदम साक्षर करायचं, प्राथमिक शिक्षक शिकवणार, वर्ग रात्री, आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ, त्यामुळे शेजारच्या गावाचं झालं मग आपलं का नाही अशी ईर्षा लागायची. युनेस्कोने १९७२ मध्ये या मोहिमेला पुरस्कार दिला. पण पुढे काय झालं तेही सांगायला पाहिजे. समारंभ झाला, पाहुणे गेले, वर्ग बंद पडले, आणि नव्याने शिकलेले बरेच लोक काही वर्षांत परत अंगठ्यावर आले. शिकवण्यात खोट होती असं नाही, घरात वाचायला काही नव्हतंच. पंचवीस-तीस अक्षरं ओळखणाऱ्या माणसाच्या हातात वर्तमानपत्राचा अग्रलेख दिला तर तो दोन ओळींत सोडून देणार, त्याला मोठ्या टायपातलं, छोट्या वाक्यांचं, त्याच्या कामाचं काहीतरी लागतं. नवसाक्षरांसाठी अशी पुस्तकं निघाली नाहीत असं नाही, निघाली, पण ती वाचणाऱ्यापर्यंत पोचायला गावात वाचनालय आणि त्याचं कपाट उघडं असावं लागतं.

वाचनालयांच्या बाबतीत महाराष्ट्र तसा श्रीमंत. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३. १९६७ ला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. प्रत्यक्षात गावातलं ड वर्गाचं वाचनालय म्हणजे बहुतेक वेळा एक खोली, दोन-तीन पेपर, कुलूप लावलेली कपाटं आणि तुटपुंज्या मानधनावरचा ग्रंथपाल. तालुक्याच्या ठिकाणी हल्ली त्याची अभ्यासिका झालेली असते, एमपीएससीची पोरं सकाळी सातला जागा धरून बसतात, म्हणजे गर्दी आहे पण कादंबरी मागणारा कमी. पाचगणीजवळचं भिलार २०१७ मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ झालं, स्ट्रॉबेरीवाल्यांच्या घराघरात विषयवार पुस्तकं ठेवलीत, कोणीही आत जाऊन बसून वाचावं. कल्पना छानच आहे, मात्र तिथे जाणारा माणूस मुळात वाचणारा असतो.

शाळेतल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. पोरगं ‘क ला काना का’ सगळी बारखडी गाण्यासारखी म्हणतं, पण मध्येच ‘कु’ वर बोट ठेवून विचारलं की पहिल्यापासून म्हणत तिथपर्यंत येतं. मग जोडाक्षरं. एकटा ‘र’ घ्या, सूर्यात डोक्यावर चढतो, प्रकाशात पायात जातो, ट्रकमध्ये खाली टोपीसारखा बसतो आणि सुऱ्यांमध्ये आडवा पडतो, मोठ्या माणसाला हे दिसतसुद्धा नाही इतकं सवयीचं झालेलं असतं. आचार्यांना बोलवा आणि आचाऱ्यांना बोलवा यात केवढा फरक, तो एवढ्याशा रेघेत आहे. जो एकेक अक्षर लावत वाचतो तो वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेला असतो, त्यामुळे अर्थ लागतच नाही. तिसरीपर्यंत वाचायला शिकायचं आणि चौथीपासून वाचून शिकायचं असा शाळेचा हिशेब असतो, तो चुकला की परिसर अभ्यास, इतिहास सगळंच अडतं, गणितसुद्धा, कारण वजाबाकी येते पण शाब्दिक उदाहरण वाचून वजाबाकी करायची आहे हे कळत नाही. ‘असर’ सर्वेक्षणवाले घरी जाऊन मुलापुढे अक्षरं, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतात, त्यात ग्रामीण भारतातली पाचवीची जेमतेम निम्मी मुलं ती गोष्ट वाचू शकतात असं वर्षानुवर्षं दिसतंय, आणि ही सगळी मुलं जनगणनेत साक्षरच लागणार. २०२१ पासूनचं निपुण अभियान यासाठीच आहे, तिसरी संपेपर्यंत वाचन आणि बेरीज-वजाबाकी पक्की.

मोठ्या वयात शिकणाऱ्यांचं सगळ्यात चर्चेतलं उदाहरण म्हणजे मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा. शिवजयंतीला गावात पोथीवाचन चाललं होतं, तेव्हा म्हाताऱ्या म्हणाल्या आम्हालाही वाचता आलं असतं तर, आणि ८ मार्च २०१६ ला शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी हा युनिफॉर्म, पाटी-पेन्सिल, दप्तर, वेळ दुपारची कारण सकाळी घरची कामं असतात, आणि घरचा अभ्यास नातवंडं घेतात. इथे नोकरी नाही, बढती नाही, आजींना पोथी वाचायची होती. अशा वर्गांत स्मरणशक्तीइतकीच अडचण चष्म्याची असते, चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही आणि शेतातल्या बाईने कधी चष्मा केलेलाच नसतो, मग अक्षर येत नाही असं समजून ती वर्ग सोडते.

सध्या पंधरा वर्षांवरच्यांसाठी ‘उल्लास’ हा केंद्राचा कार्यक्रम चालू आहे. यात शेवटी परीक्षा असते, १५० मार्कांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०. ९५ टक्के साक्षरता गाठली की राज्य पूर्ण साक्षर धरतात, गोव्याने तशी घोषणा ३० मे २०२५ ला, घटक राज्य दिनी केली. या परीक्षेत जो पास होत नाही त्याला नापास लिहीत नाहीत, ‘सुधारणा आवश्यक’ लिहितात आणि तो पुढच्या वेळी परत बसू शकतो.