लिंक तुटली तर काय करायचं? स्टोरेज रेप्लिकेशनच्या मागची गोष्ट

एका साईटवरच्या स्टोरेज बॉक्समधला, म्हणजे डिस्कांनी भरलेल्या कपाटातला, डेटा दुसऱ्या साईटच्या बॉक्समध्ये जसाच्या तसा ठेवायचा, काम एवढंच, आणि ते जमायला लागून तीस वर्षं झाली. तरी अजून मोठमोठ्या ठिकाणी याच्यावरूनच सगळं आडवं होतं, आणि माझ्या मते त्यात कॉपी चुकण्याचा भाग फार थोडा असतो, मधली लिंक गेल्यावर कोणी लिहायचं आणि कोणी थांबायचं हे नीट ठरलेलं नसतं, घोळ तिथे होतो.

मेनफ्रेमच्या, म्हणजे जुन्या मोठ्या कॉम्प्युटरच्या, काळात डीआर (डिझास्टर रिकव्हरी, आपत्तीनंतर परत उभं राहायची सोय) म्हणजे टेप. रात्री बॅकअप घ्यायचा, टेपा पेटीत भरायच्या, गाडीत घालून लांबच्या कुठल्यातरी तिजोरीत नेऊन ठेवायच्या. मेनफ्रेमवाले याला चेष्टेने 'पिकअप ट्रक ॲक्सेस मेथड' म्हणायचे, कारण आयबीएमच्या जगात प्रत्येक गोष्टीला एक ॲक्सेस मेथड, म्हणजे डेटापर्यंत पोचायची पद्धत, असायचीच. १९७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत फिलाडेल्फियाला सनगार्डने तयार मशीनरूम देण्याचा धंदा सुरू केला, तुमच्याकडे आग लागली तर टेपा घेऊन तिकडे जा आणि रिस्टोर करा. सगळं नीट पार पडलं तरी कालच्या बॅकअपनंतरचं सगळं गेलेलंच असायचं आणि परत उभं राहायला दिवस लागायचे. आज आपण ज्याला आरपीओ म्हणतो, म्हणजे किती वेळाचा डेटा गेला तर चालेल, आणि आरटीओ, म्हणजे किती वेळात सुरू व्हायचं, हे दोन्ही तेव्हा दिवसांत मोजायचे.

मग १९९०ला ईएमसी या स्टोरेज कंपनीने सिमेट्रिक्स नावाचा बॉक्स आणला. मोशे यानाई आणि त्याच्या टीमचं डिझाईन, भरपूर कॅश (वेगवान मेमरी) आणि मागे छोट्या डिस्कांची रांग, आणि आयबीएमच्याच गिऱ्हाइकांना तो विकायला सुरुवात केली. १९९४ला त्याच्यावर एसआरडीएफ हे रेप्लिकेशनचं सॉफ्टवेअर आलं आणि तिथे खरा बदल झाला, कारण आता कॉपी करायचं काम बॉक्स स्वतःच करायला लागला, सर्व्हरला आणि डेटाबेसला पत्ताच नाही. इकडचा डिस्क आरवन, तिकडचा आरटू, ही भाषा अजून चालते. त्याच दशकात आयबीएमने याच कामासाठी पीपीआरसी आणि एक्सआरसी आणलं, पुढे हिताचीचं ट्रूकॉपी आलं, त्यांच्याकडे मूळ डिस्क पीव्हॉल आणि कॉपी एसव्हॉल. नावं वेगळी, मशीन वेगळी, आतली कल्पना एकच.

सिंक्रोनस म्हणजे काय तर सर्व्हरने लिहिलं, इकडच्या कॅशमध्ये पडलं, लिंकवरून तिकडच्या कॅशमध्ये पडलं, तिकडून पावती आली, आणि मगच सर्व्हरला 'झालं' म्हणून सांगितलं. एक बाईटही डेटा हरवत नाही. पण प्रत्येक राईट, म्हणजे लिहिण्याचं काम, तिकडे जाऊन येईपर्यंत थांबलेलं असतं, आणि फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १०० किलोमीटरवर जाऊन यायला १ मिलिसेकंद, आणि फायबर चॅनल या स्टोरेजच्या नेटवर्कवर एका राईटला मुळात दोन फेऱ्या लागतात म्हणून ते २ होतात (स्विचवाल्यांनी एक फेरी वाचवायच्या युक्त्या नंतर काढल्या). आजच्या फ्लॅशवर राईट मिलिसेकंदाच्या आत होतं, त्यामुळे हे तेव्हापेक्षा आता जास्त टोचतं. याच्यावर कुठल्याच व्हेंडरकडे औषध नाही.

आता मुद्दा. लिंक गेली. इकडचा बॉक्स ठणठणीत आहे, सर्व्हर लिहायला बसलाय, तिकडून पावती येत नाही. दोनच रस्ते आहेत, एकतर लिहू दे आणि तिकडची कॉपी मागे पडू दे, नाहीतर इकडचं राईटच नाकार म्हणजे दोन्हीकडे सारखं राहील पण धंदा बंद. आयबीएमच्या पीपीआरसीत याच्यासाठी क्रिट नावाचं सेटिंग होतं, येस किंवा नो. ईएमसीकडे डोमिनो मोड. हिताचीकडे फेन्स लेव्हल, त्यात डेटा आणि नेव्हर असे पर्याय. तीन कंपन्यांनी तीन नावांनी एकच प्रश्न गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधला, आणि गिऱ्हाइकाने काय केलं तर बहुतेक ठिकाणी इन्स्टॉल करायला आलेल्या इंजिनिअरने जे टाकलं तेच राहू दिलं. खरं तर हा निर्णय बँकेच्या वरच्या लोकांचा आहे, स्टोरेज ॲडमिनचा नाही, पण मीटिंगमध्ये हा विषय येतच नाही.

याच्यात अजून एक गुंता आहे. खरी आपत्ती एका क्षणात होत नाही, आधी एक लिंक जाते, काही सेकंदांनी दुसरी, मग कूलिंग, मग बॉक्स. याला रोलिंग डिझास्टर म्हणतात. डेटाबेस आधी लॉग (बदलांची नोंदवही) लिहितो आणि मग टेबल (प्रत्यक्ष डेटा), पण लॉगचा डिस्क ज्या लिंकवर होता ती आधी गेली आणि टेबलची चालू राहिली, तर तिकडे टेबल नवीन आणि लॉग जुना, अशी कॉपी उघडायला गेलात तर डेटाबेस उठेलच याची खात्री नाही. म्हणून कन्सिस्टन्सी ग्रुप आले, एक अडकला की ग्रुपमधल्या सगळ्यांचं रेप्लिकेशन एकाच वेळी थांबवायचं. आयबीएमने १९९८मध्ये जीडीपीएस ही डीआरची व्यवस्था काढली त्यात हेच फ्रीझ म्हणून होतं, आणि फ्रीझ झाल्यावर गो की स्टॉप, म्हणजे इकडचं काम चालू ठेवायचं की थांबवायचं, हे परत तुम्हीच ठरवा! प्रश्न फिरून तिथेच.

११ सप्टेंबर २००१ला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये कँटर फिट्झजेराल्ड या बॉंडच्या दलाली कंपनीची ६५८ माणसं गेली. त्यांच्या ईस्पीड या बॉंड ट्रेडिंग सिस्टीमचं दुसरं डेटा सेंटर न्यू जर्सीत रोशेल पार्कला होतं, आणि १३ सप्टेंबरला बॉंड बाजार उघडला तेव्हा ईस्पीड चालू होतं. उलट काही मोठ्या संस्थांच्या दोन्ही जागा इतक्या जवळ होत्या की दोन्हींना एकदमच फटका बसला. त्यानंतर अमेरिकन रेग्युलेटरांनी २००२मध्ये मसुदा काढला, त्यात दोन साईट २०० ते ३०० मैल लांब असाव्यात का असं विचारलं होतं, आणि बँकांनी साहजिकच आरडाओरडा केला की एवढ्या अंतरावर सिंक्रोनस चालणारच नाही. एप्रिल २००३च्या अंतिम कागदात मैलांचा आकडा नव्हता.

मग तडजोड निघाली तीन साईटची. जवळ एक सिंक्रोनस, लांब एक असिंक्रोनस. असिंक्रोनसमध्ये सर्व्हरला लगेच पावती मिळते आणि डेटा मागून जातो, पण क्रम मोडून चालत नाही, म्हणून एसआरडीएफने ठरावीक सेकंदांचे गठ्ठे करून पाठवायला सुरुवात केली आणि हिताचीच्या युनिव्हर्सल रेप्लिकेटरने २००४मध्ये जर्नल आणला, इकडे जर्नलमध्ये क्रमाने लिहायचं आणि तिकडचा बॉक्स ते ओढून घेणार. लिंक बारीक पडली की जर्नल भरतो, जर्नल भरला की पेअर (मूळ आणि कॉपीची जोडी) सस्पेंड, म्हणजे कॉपी थांबली, आणि महिनाअखेरच्या बॅचच्या रात्री हे हमखास होतं. परत सुरू करताना, म्हणजे रीसिंकमध्ये, डिस्कचे फक्त बदललेले तुकडे (ट्रॅक) जातात पण ते क्रमाने जात नाहीत, म्हणजे रीसिंक चालू असताना तिकडची कॉपी निरुपयोगी असते, म्हणून आधी तिकडे एक क्लोन (वेगळी पूर्ण प्रत) काढून ठेवायचा आणि मगच रीसिंकची कमांड द्यायची. हे प्रत्येक मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि घाईत हेच राहतं. (आणि कोणी चुकून टेबल उडवलं तर ते उडवणंही इमानदारीने तिकडे जातं, रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नाही.)

२०१०च्या आसपास ॲक्टिव्ह-ॲक्टिव्हचं पेव फुटलं, दोन्ही साईटवर एकच व्हॉल्यूम (सर्व्हरला दिसणारा डिस्क), दोन्हीकडून लिहा. ईएमसीचं व्हीप्लेक्स तेव्हाचंच. इथे लिंक गेली तर दोन्ही बाजू स्वतःलाच खरं समजतात, म्हणून तिसऱ्या जागी विटनेस किंवा कोरम ठेवायचा, तो सांगेल कोण जिवंत राहणार. जिला मत मिळत नाही ती बाजू चांगली चालत असली तरी स्वतःचं दार लावून घेते.

आपल्याकडे हे सगळं २४ फेब्रुवारी २०२१ला मुंबईत बघायला मिळालं. एनएसई सकाळी ११.४०ला थांबलं ते दुपारी ३.४५ला उघडलं आणि बाजार ५ वाजेपर्यंत चालवावा लागला. एनएसईने नंतर जे कारण दिलं ते स्टोरेजवाल्यांनी पाठ करून ठेवावं असं आहे. प्राइमरी आणि जवळची डीआर यांच्यामध्ये दोन टेलिकॉम कंपन्यांच्या वेगवेगळ्या लिंक होत्या, रस्त्यावरच्या खोदकामाने दोघांच्याही डळमळल्या (मुंबईत कोणाला आश्चर्य वाटणार!), आणि मग नव्या सॅनचं (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या नेटवर्कचं) फेलओव्हर लॉजिक, म्हणजे बिघाड झाल्यावर दुसरीकडे वळायचे नियम, एनएसईच्या डिझाईनप्रमाणे वागलं नाही, वर बसवतानाच्या कॉन्फिगरेशनचा अनपेक्षित परिणाम झाला, आणि प्राइमरी साईटच्या सर्व्हरना त्यांचंच सॅन दिसेना. क्लिअरिंगची रिस्क सिस्टीम त्याच्यावर होती, ती गेली. म्हणजे दुसरी कॉपी सुरक्षिततेसाठी ठेवलेली, आणि तिच्यापर्यंतचा रस्ता खोदला म्हणून पहिली बंद.

सेबीने पुढच्याच महिन्यात नियम कडक केले. अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची की नाही ते ठरवा, ४५ मिनिटांचा आरटीओ, १५ मिनिटांचा आरपीओ, शून्य डेटा लॉससाठी जवळची साईट, आणि लांबची डीआर शक्यतो वेगळ्या भूकंप क्षेत्रात, नाहीतर किमान ५०० किलोमीटरवर. म्हणजे मुंबईवाल्यांना पुणे बाद. मला यातला अर्ध्या तासाचा नियम सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आधी लोक 'दहा मिनिटांत येईलच' म्हणत दुपार काढायचे.

२ मार्च २०२४ला, शनिवारी, एक्स्चेंजनी खऱ्या पैशाचं सेशन घेऊन हे करून दाखवलं, ९.१५ ते १० प्राइमरीवरून आणि ११.३० ते १२.३० डीआरवरून. मे महिन्यात १८ तारखेला परत एकदा. दीड तासाच्या मधल्या सुट्टीत काय काय करावं लागतं ते ज्याने हे काम केलंय त्याला माहीत आहे, प्राइमरी थांबवा, उरलेला डेटा पूर्ण जाऊ द्या, पेअर उलटी करा, डीआरचे सर्व्हर उठवा, ॲप्लिकेशनवाल्यांकडून हिशोब जुळल्याचं लेखी घ्या. आणि सोमवारी बाजार उघडायच्या आत हेच सगळं उलट्या दिशेने करून घरी परत यायचं.