रुग्णांच्या जीवनगुणवत्तेचे मापन (मराठवाडा)

आजाराने माणसाच्या रोजच्या जगण्यात कुठे आणि किती उणे पडले, हे त्यालाच विचारून अंकांत मांडण्याची पद्धत. रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, गाठीचा आकार हे तपासणीत कळते. भाकरी थापताना मनगट साथ देते का, रात्री डोळ्याला डोळा लागतो का, चारचौघांत जेवायला बसवते का, हे मात्र रुग्णानेच सांगायचे असते. मराठीत ‘राहणीमान’ आणि ‘जीवनगुणवत्ता’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. राहणीमान घर, उत्पन्न, वस्तू पाहून परक्यालाही ठरवता येते, जीवनगुणवत्ता ज्याची त्याने सांगायची. तिच्यातला प्रकृतीशी बांधलेला भाग वेगळा काढला की त्याला आरोग्यनिगडित जीवनगुणवत्ता म्हणतात. या नोंदीचा विषय तोच आहे.

मराठवाड्यात या मापनाची एक घरगुती रीत पूर्वापार आहे. ‘आता कसं वाटतंय?’ असे डॉक्टरांनी विचारले की जुनी माणसे अजूनही ‘आठ आणे फरक हाय’, ‘बारा आणे आराम पडला’ असे सांगतात. दशमान नाणी १९५७ मध्ये आली, सोळा आण्यांचा रुपया व्यवहारातून गेला, पण दुखण्याच्या हिशेबात तो टिकला. हे माप बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यात सोळा आणे म्हणजे आजारी पडण्याआधीचा आपलाच देह, शेजाऱ्याचा किंवा पुस्तकातला निरोगी माणूस नव्हे. शिवाय आण्यांत सांगितला जातो तो फरक, म्हणजे उपचार सुरू झाल्यापासूनचा बदल. रुग्ण आज कुठल्या अवस्थेत आहे, हे त्यातून कळत नाही. ‘बारा आणे फरक’ सांगणारी बाई अजूनही उठताना भिंतीचा आधार घेत असू शकते. प्रश्नावल्या अवस्था आणि बदल हे दोन्ही वेगवेगळे विचारतात, त्याचे कारण हेच.

अंकावरून मदत ठरते, ही गोष्टही इथल्या शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. पिकाची आणेवारी, आता पैसेवारी, ५० पैशांच्या आत आली तर दुष्काळी सवलतींची वाट मोकळी होते. पीककापणी प्रयोगाला कोणते शेत धरले यावर गावाचा आकडा हलतो, हे त्याने पाहिलेले असते. जीवनगुणवत्तेच्या आकड्याचेही तसेच आहे. प्रश्न कोणता, विचारला कोणी, कोणत्या महिन्यात, हे समजल्याशिवाय तो आकडा वाचू नये.

साधने

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कार्नोफ्स्की यांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी ० ते १०० अशी कार्यक्षमतेची श्रेणी मांडली. गुण डॉक्टर देत. १९६३ मध्ये कॅट्झ यांनी आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे ही सहा कामे धरून परावलंबन मोजले. त्यात दुखते किती आणि मनाचे काय, याला जागा नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासून अमलात आलेल्या घटनेत आरोग्याची व्याख्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य अशी होती, पण रुग्णाने स्वतः भरायच्या प्रश्नावल्या खऱ्या अर्थाने पसरल्या त्या १९८० नंतर.

आज सर्वाधिक वापरात असलेल्यांपैकी युरोक्वोल गटाची ‘ईक्यू-५डी’ सर्वांत आटोपशीर आहे. चालणे-फिरणे, स्वतःचे स्वतः करणे, नेहमीची कामे, वेदना, आणि चिंता-उदासी असे पाच प्रश्न. प्रत्येकाला पाच पायऱ्या धरल्या तर ३,१२५ अवस्था होतात. जोडीला ० ते १०० खुणांची एक उभी पट्टी असते, तिच्यावर रुग्णाने आजच्या प्रकृतीची खूण करायची, १०० म्हणजे सर्वांत उत्तम. ‘एसएफ-३६’ मध्ये ३६ प्रश्न आणि आठ क्षेत्रे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ मध्ये हाती घेतलेले साधन एकाच वेळी १५ केंद्रांत घडवले गेले. त्यांत दिल्ली आणि चेन्नई (तेव्हाचे मद्रास) होती. त्याच्या २६ प्रश्नांच्या छोट्या आवृत्तीत शारीरिक, मानसिक, सामाजिक संबंध आणि परिसर अशी चार क्षेत्रे येतात. संस्कृती आणि मूल्यव्यवस्था यांच्या संदर्भात माणूस स्वतःचे स्थान कसे पाहतो, याला या साधनाने व्याख्येतच जागा दिली. एका आजारापुरती साधने वेगळी. कर्करोगासाठी ३० प्रश्नांची ‘क्यूएलक्यू-सी३०’, त्वचारोगासाठी १९९४ मध्ये कार्डिफ येथे तयार झालेला दहा प्रश्नांचा निर्देशांक. हट्टी नायट्यासारखा त्रास ‘किरकोळ’ समजला जातो. खाजेने मोडलेली झोप आणि कपड्यांची निवड यांचे प्रश्न विचारले की त्याचे खरे वजन कळते.

‘क्यूएलक्यू-सी३०’ वापरणाऱ्या नवख्यांची एक चूक नेहमीची. तिच्यात कार्यक्षमतेच्या प्रश्नांना जास्त गुण म्हणजे चांगले, तर लक्षणांच्या प्रश्नांना जास्त गुण म्हणजे वाईट. दोहोंची सरळ बेरीज केली तर निष्कर्षच उलटा होऊ शकतो. गुणांत दहाच्या आसपास फरक पडला तर तो रुग्णाला जाणवण्याजोगा, असा साधारण संकेत आहे.

भाषेचा प्रश्न

यांपैकी बऱ्याच प्रश्नावल्या मराठीत आल्या आहेत. क्यूएलक्यू-सी३० आणि तिची डोके-मान यांच्या कर्करोगाची पुरवणी यांची हिंदी व मराठी रूपे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात रुग्णांवर पारखली गेली. रीत अशी असते: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचे, तिसऱ्याने मूळ न पाहता ते उलट भाषांतरित करायचे, मग थोड्या रुग्णांना ‘या प्रश्नातून तुम्हाला काय कळलं?’ असे विचारून शब्द पक्के करायचे. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. वेळ नाही म्हणून तिलाच कात्री लागते, हे दुर्दैव आहे.

कारण पुण्या-मुंबईच्या लेखी मराठीत बिनचूक असलेला प्रश्न भूम किंवा किनवटच्या माणसापर्यंत पोचेलच असे नाही. ‘आपणास उदासीनता जाणवते का?’ याला उत्तर मिळते, ‘नाही.’ तेच ‘मन लागतंय का? करमतंय का?’ असे विचारले की बाई बोलू लागते. ‘दुखणे’ या शब्दाचा पेच आणखी मोठा आहे. मराठीत दुखणे म्हणजे वेदना आणि दुखणे म्हणजे आजारही. ‘दुखणं किती आहे?’ असा प्रश्न आला तर ऐकणारा कशाचे उत्तर देतो, हे विचारणाऱ्याला कळत नाही. उलट वेदनेसाठी बोलीत शब्दांची वाण नाही. ठणका, कळ, चमक, आग, ठसठस, मुंग्या. ठणका सांगणाऱ्याची आणि आग सांगणाऱ्याची वेदना एकच नसते, नसेची आहे की सांध्याची याचा अंदाजही त्यावरून बांधता येतो. आकड्यासोबत रुग्णाचा शब्द जसाच्या तसा लिहून ठेवण्याची सवय प्रत्येक विभागाने लावून घ्यावी.

उदाहरणेही बदलावी लागतात. एसएफ-३६ च्या मूळ रूपात मध्यम श्रमाचा नमुना म्हणून टेबल सरकवणे, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे, गोल्फ खेळणे दिले आहे. मराठवाड्यात त्या जागी पाण्याचा हंडा उचलणे, खुरपणी, कापसाची वेचणी येईल. गुडघ्याच्या रुग्णाला जिना विचारण्यापेक्षा उकिडवे बसता येते का, हे विचारले तर जास्त कळते: शौच, चूल, खुरपे, सारे त्यावर अवलंबून. ‘अजिबात नाही, थोडे, मध्यम, बरेच, अतिशय’ अशी पाच पायऱ्यांची उतरंडही बोलीत नीट बसत नाही. ‘जरासं’ आणि ‘लई’ यांच्या मधली जागा बहुतेकांची मोकळी असते. इथे आणे उपयोगी पडावेत असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शून्य, चार, आठ, बारा आणि सोळा आणे या पाच पायऱ्या आयत्या मिळतात आणि त्यांतले अंतर वयस्कांना समजावून सांगावे लागत नाही. तरुणांना मात्र ते माप परके वाटेल.

या प्रदेशातली आजारपणे

तंबाखू-चुना आणि गुटखा यांमुळे होणारा तोंडाचा कर्करोग हे मापनाचे सर्वांत बोलके क्षेत्र. छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’त, म्हणजे शासकीय रुग्णालयात, आणि तिथल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतले रुग्ण येतात. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांनंतर गाठ गेली, तरी तोंडात तीन बोटे उभी जात नाहीत, लाळ आटते, आवाज अडखळतो. ज्वारीची भाकरी चावता येत नाही, ती दुधात किंवा वरणात कुस्करून घ्यावी लागते, आणि कुस्करतानाही सांडते. मग माणूस पंगतीला जायचे टाळतो, घरातही मागाहून एकटा जेवतो. डोके-मानेच्या पुरवणीत घरच्यांसमोर आणि परक्यांसमोर जेवण्याचे प्रश्न स्वतंत्र आहेत. दिसण्याचा आणि फोनवर बोलण्याचाही आहे. कागदावर ‘रोगमुक्त’ असलेल्या रुग्णाचे सामाजिक गुण का घसरलेले असतात, ते या प्रश्नांतून दिसते आणि गिळण्याचे व जबड्याचे व्यायाम आधीपासून सुरू करायला आधार मिळतो.

कर्करोगाची मोजदाद या भागाला नवी नाही. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. तिच्या कक्षेत सोलापूर जिल्ह्यातील बार्शीसोबत मराठवाड्यातील परांडा आणि भूम हे तालुके आले. तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्यांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणीच्या एकाच फेरीने मृत्यू लक्षणीय घटले. तिथे मृत्यू मोजणेच योग्य होते. ज्यांना किरणोपचार घ्यावे लागतात त्यांची लघवीची जळजळ, थकवा आणि नवऱ्याशी असलेले नाते यांचा हिशेब मात्र मृत्यूच्या तक्त्यात येत नाही. तो जीवनगुणवत्तेच्या प्रश्नांनीच मांडावा लागतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांची, गर्भपिशवी काढलेली आढळली. हा शस्त्रक्रियांचा आकडा झाला. त्यानंतरच्या आयुष्याचा आकडा वेगळा घ्यावा लागतो. तरुणपणी पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळी बंद झाल्यानंतरचे सारे त्रास एकदम सुरू होतात: अंगातून वाफा, झोपमोड, चिडचिड, हाडे ठिसूळ होणे. ते मोजायला अकरा प्रश्नांची रजोनिवृत्ती मापनश्रेणी आहे. पण कोयत्यावर गेलेल्या बाईला कंबरदुखीचे मोल थेट कामात मोजावे लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, पहाटेपासून तोडणी, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणे, खाडा पडला तर कापली जाणारी रक्कम. अशा ठिकाणी दुखणे अंगावर काढले जाते. ‘नेहमीची कामे करता येतात का?’ याला ती ‘येतात’ म्हणते, कारण न करून चालत नाही. म्हणून ‘करता येतात का’ याबरोबर ‘करताना काय होतं’ हाही प्रश्न हवा. आणि तो हंगामात विचारला की गावी परतल्यावर, हे नोंदवावे.

किनवट-माहूर भागातील आदिवासी समाजात आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात वेळेचा पेच आणखी तीव्र होतो. ईक्यू-५डी ‘आज’ची अवस्था विचारते. वेदनेचा झटका येऊन गेल्यावर आठ दिवसांनी पोरगा हसतखेळत शाळेत असतो आणि पाचही उत्तरे उत्तम येतात. झटक्यांची संख्या, बुडालेले दिवस आणि पुढच्या झटक्याची धास्ती त्या ‘आज’मध्ये मावत नाही.

दुष्काळाचे वर्ष आले की परिसराच्या क्षेत्रातले गुण आजाराशिवायच खाली येतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या काळात लातुरात मधुमेहींची प्रश्नावली भरून घेतली असती तर तिच्यात मधुमेह किती आणि टँकरची वाट पाहणे किती, हे वेगळे करता आले नसते. त्यासाठी त्याच गावातला, त्याच वयाचा, तो आजार नसलेला गट सोबत घ्यावा लागतो.

उत्तर कोणाचे

वाचता न येणाऱ्या रुग्णाला प्रश्न वाचून दाखवावे लागतात, आणि सोबत आलेला मुलगा किंवा मालक (नवरा) मध्येच उत्तर देतो. जवळचे माणूस चालणे, जेवणे यांबद्दल बऱ्यापैकी बरोबर सांगते. वेदना आणि मन यांबाबत त्याचा अंदाज चुकतो. सुनेपुढे सासू ‘माझी कुणाला अडचण नाही’ असेच म्हणेल. लैंगिक समाधानाचा प्रश्न तर बहुधा कोराच राहतो. बाईला बाईनेच, आडोशाला, विचारले तर तो कोरा राहण्याचे प्रमाण कमी होते.

अवघड भाग पुढे आहे. दीर्घ आजारात माणसाची मोजपट्टीच बदलते. अर्धा जबडा गेलेला रुग्ण वर्षभराने उभ्या पट्टीवर ८० वर बोट ठेवतो, कारण ‘सवय झाली’. याला खोटे म्हणता येत नाही. पण उपचारापूर्वीच्या त्याच्याच ६० शी हा ८० ताडून ‘वीस गुणांची सुधारणा’ असे लिहिणे चूक आहे.

आकड्याचे वजन

धोरणासाठी या अवस्थांना मोल लावले जाते. पूर्ण आरोग्य १, मृत्यू ०, आणि मृत्यूहून वाईट वाटणाऱ्या अवस्थांना ऋण मोल. एखादा माणूस ०.५ मोलाच्या अवस्थेत चार वर्षे जगला तर ती दोन गुणवत्ता-समायोजित वर्षे धरतात. भारतासाठी ईक्यू-५डीची मोले पाच राज्यांतील ३,५४८ प्रौढांच्या मुलाखतींवरून काढून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी परदेशी मोले उसनी घ्यावी लागत. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७ पासून चालणारे आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन या वर्षांच्या हिशेबाने उपचारांची किफायत तपासते. मोल काढण्यासाठी मुलाखतीत विचारतात, ‘या अवस्थेतली दहा वर्षं की धडधाकट असलेली त्याहून कमी वर्षं, काय घ्याल?’ आयुष्य देवाच्या हाती मानणाऱ्या माणसाला हा सौदाच समजत नाही. तो म्हणतो, ‘वर्षं आपल्या हातात कुठंयत? हातपाय चालत असूस्तोवर जगावं.’ मुलाखत घेणाऱ्याच्या तक्त्यात या उत्तरासाठी रकाना नसतो.