देवबाभूळ

(वॅकेलिया फार्नेसियाना, कुल : लेग्युमिनोजी, उपकुल : मिमोजॉइडी). सुवासिक पिवळ्या फुलांचे काटेरी झुडूप किंवा लहान वृक्ष. उंची साधारण ३–५ मी. पानाच्या तळाशी सरळ, पांढरट काट्यांची जोडी असते. हिवाळ्यात सुमारे १ सेंमी. व्यासाचे फुलांचे मखमली गेंद येतात.

जातिवाचक नाव रोममधील फार्नेसे घराण्याच्या बागेवरून पडले. कॅरिबियनमधील सांतो दोमिंगोहून आलेल्या बियांपासून तेथे १६११ च्या सुमारास रोप झाले व १६२५ मध्ये त्याचे वर्णन छापले गेले. मूलस्थान उष्ण अमेरिका, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. त्यामुळे संस्कृतातील अरिमेद (विट्खदिर) म्हणजे देवबाभूळ, हे अनेक वनस्पतिकोशांतले समीकरण तपासून घ्यावे लागते. विट् म्हणजे विष्ठा. देवबाभळीचे मूळ मोडले की येणारी दुर्गंधी या नावाला चपखल बसते आणि ‘गू-बाभूळ’ हे नावही त्यातूनच आले असावे. पण अरिमेद चरकसंहितेतील उदर्दप्रशमन (अंगावर उठणाऱ्या गांधी शमवणाऱ्या औषधींच्या) गणात येतो. अमेरिकेतील झाड तेव्हा येथे असणे संभवत नाही. म्हणून अरिमेद म्हणजे हिवर (येथलाच एक बाभूळवर्गीय वृक्ष), हे मत अधिक ग्राह्य वाटते. जुने नाव परदेशी झाडाला मागाहून चिकटले असावे.

बागेत लावण्यासाठी किडीचे भोक नसलेले बी निवडावे. कवच टणक असल्याने नुसते पेरलेले बी महिनोन्‌महिने पडून राहते. उकळी उतरलेले पाणी ओतून ते रात्रभर भिजवावे. न फुगलेल्या बियांची कड कानशीने किंचित घासावी, मात्र अंकुराच्या टोकाकडची नव्हे. उंच पिशवीत १ सेंमी. खोल पेरावे. सोटमूळ लवकर खाली जाते. पिशवीत गुंडाळले गेले, की झाड पुढे वाऱ्याने कलंडते. पावसाच्या सुरुवातीला ४५ सेंमी. लांब, रुंद व खोल खड्ड्यात, पायवाटेपासून किमान ३ मी. दूर रोप लावावे. मुरमाड जमीन चालते, पाणी साचणारी नाही : मुळे कुजतात. मुळांवरील गाठी नत्र पुरवतात, म्हणून युरिया देऊ नये. कोवळी वाढ माजते. छाटणी फुलोरा संपताच करावी. पावसाळ्यानंतर केल्यास फुले धरणाऱ्या फांद्याच जातात.

फ्रान्समधील ग्रास येथे फुलांपासून ‘कासी’ हे अत्तरद्रव्य काढतात.

शेंगा गुरे आवडीने खातात व शेणातून बी पसरते. गायरानालगत झाड लावू नये.